विषय : गाडीला आकडा टाकण्याबाबत

२ तारीख, सोमवार

आज सकाळी आमच्या घराच्या दारात आणखी एक घर येऊन उभं राहिलं. म्हणजे गाडीच, पण आत दोन पलंग, शेगडी, बेसिन, घडीचं टेबल आणि एक संडास. गाडीवाला किल्ली हिच्या हातात देऊन निघून गेला. आठवडाभर ही कुणाशी तरी फोनवर बोलत होती, मला वाटलं इस्पितळातल्या जुन्या मैत्रिणी असतील. छत्तीस वर्षं परिचारिका, त्यांतली शेवटची दहा मुख्य परिचारिका. त्यामुळे हिची विचारायची सवय गेलीय आणि सांगायची लागलीय.

"हे काय?" मी विचारलं.

"तुम्हाला परक्या पलंगावर झोप लागत नाही, परक्या संडासात होत नाही, परक्या गावचं पाणी बाधतं. म्हणून म्हटलं, घरच बरोबर न्यावं. आता बोला."

मी गाडीची पुस्तिका मागून घेतली.

प्रश्न आक्कांचा आहे. आक्का म्हणजे हिची थोरली बहीण. समुद्राकाठी राहतात, इथून दोन दिवसांची वाट. या तीस तारखेला घर रिकामं करून त्या मुलाकडे परदेशी जाणार, कायमच्या. परत यायचं वय राहिलं नाही असं त्या स्वतःच म्हणतात. हिनं त्यांना अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी ही एकटी गेली होती, पण तिसऱ्याच दिवशी माझ्या छातीत धडधडू लागलं. मी 'परत ये' असं मुळीच म्हणालो नव्हतो. 'मला काही झालं तर कपाटाच्या किल्ल्या पिठाच्या डब्यामागे आहेत' एवढंच फोनवर सांगितलं. ही आली. डॉक्टर म्हणाले, वायू.

तर या खेपेला दोघांनी जायचं. गाडी मी चालवणार. हिच्याकडे लग्नाआधीचं लायसन्स आहे, पण ते त्यातल्या फोटोसाठी जपून ठेवण्यासारखं, इतकंच.

माझी एकच अट. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की लांबच्या प्रवासाआधी गाडी घरच्या विजेला जोडून बॅटऱ्या भरून घ्याव्यात, फ्रिज थंड करून घ्यावा, आणि त्यासाठी घरी 'हूकअप' (गाडीला वीज देणारी जोडणी) असावा. मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. तिसरं प्रूफ तपासल्याशिवाय एक पान मशीनवर जाऊ दिलं नाही. दोन दिवसांचं काम आहे, असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, "बघू."

३ तारीख, मंगळवार

मीटरपासून फाटकापर्यंतचं अंतर मोजलं. अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर. दुसऱ्यांदा मोजलं तर अकरा बेचाळीस. तिसऱ्यांदा मोजायला टेपचं टोक धर म्हणालो तर ही म्हणाली, "दोन सेंटिमीटरनं वीज यायची थांबणारे का?" विजेच्या बाबतीत असं बेफिकीर राहून चालत नाही.

दुपारी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. शुद्धलेखनाच्या एकेचाळीस चुका. 'विद्युत' सगळीकडे दीर्घ, 'विद्यूत'. कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं.

ही : "मग निघायचं कधी?"

मी : "उत्तर तर येऊ दे."

५ तारीख, गुरुवार

शेजारी एक गृहस्थ राहतात. मी मनात त्यांना सर्वज्ञ म्हणतो, कारण त्यांना माहीत नाही अशी गोष्ट अजून निघायची आहे. ते कुंपणावरून म्हणाले, "एवढ्यासाठी कशाला माणूस बोलावता? माझं एक्स्टेन्शन बोर्ड आहे ना, तीस मीटरचं. लावलं की झालं."

लावलं. दिवा लागला, फ्रिज घरघरला, सर्वज्ञांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. अंतर अकराच मीटर असल्यामुळे उरलेली वायर अंगणात लोळत होती. मला पसारा बघवत नाही. मी ती छान घट्ट गुंडाळून, वर सुतळी बांधून भिंतीशी ठेवली. मग गाडीतली किटली लावली, हीटर लावला, एसीही लावून पाहिला. पंधरा मिनिटांत भेंडोळ्यातून धूर. वायरीचं वरचं प्लास्टिक वितळून सगळं एकजीव झालं होतं आणि घराचा फ्यूज उडाला तो वेगळाच.

सर्वज्ञ म्हणाले, "गुंडाळायची नसते, हे लहान मुलालाही कळतं." कळत होतं तर आधी का नाही बोलले? तोंड फिरवून घरात गेले ते गेलेच. हिनं वितळलेलं भेंडोळं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "आता मी माणूस बोलावते."

६ तारीख, शुक्रवार

आलेला माणूस बाई निघाली. चाळिशीतली, पायात जाड बूट, कमरेला पक्कड, स्वतःचा टेम्पो स्वतः चालवत आली. मी मोठ्या पेचात. 'वायरमन' पुल्लिंगी. 'वायरमनबाई' म्हणजे एकाच शब्दात नवराबायको. मी तिला 'तारतंत्रज्ञा' हा शब्द सुचवला. ती म्हणाली, "काहीही म्हणा काका, फक्त मी मेन बंद केला की तुम्ही चालू करू नका."

मग तिनं एकेक बोर्ड उघडला. दिवाणखान्यातला, स्वयंपाकघरातला, मीटरजवळचा. शेवटी स्टुलावरून उतरली, हात झटकले आणि म्हणाली, "काका, तुमच्या घराला अर्थच नाही."

मला ते लागलं. एकोणचाळीस वर्षांचा संसार आहे, एकाच घरात. पहिल्या भेटीत असं कुणी बोलतं का? "जरा जपून बोला," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "बोलू द्या. मी कधीची सांगतेय."

"अर्थिंग हो काका," वायरमनबाई म्हणाली. "वीज भलतीकडे गेली तर तिला जमिनीत उतरायला वाट लागते. तुमच्याकडे तिसऱ्या भोकात वायरच नाही. उद्या त्या गाडीच्या पत्र्यात वीज आली आणि काकूंनी दाराला हात लावला, तर वाट म्हणजे काकूच."

इतकी वर्षं आम्ही असेच राहत होतो, हे ऐकून मी बोर्डापासून दोन पावलं मागे सरलो. कामाची यादी ठरली : अंगणात खड्डा खणून अर्थिंग, मीटरपासून जाड वायर, ती स्वतंत्र स्विचवर, गळती झाली तर पापणी लवायच्या आत वीज तोडणारा दुसरा स्विच, आणि बाहेरच्या भिंतीवर झाकणाचं निळं गोल सॉकेट. "चार दिवस," ती म्हणाली. "आणि काका, बॅटऱ्या गाडी चालली की चालता चालताही भरतात. तुम्ही उद्या निघालात तरी चालेल."

हे मी ऐकून घेतलं. पण पुस्तिकेत तसं कुठे ठळक अक्षरात नाही.

९ तारीख, सोमवार

खड्डा अर्धा झाला. वायरमनबाई म्हणाली, "वीज कार्यालयात लोड वाढवायचा एक छापील फॉर्म असतो, तेवढा भरून टाका. मी पाठवते."

छापील फॉर्म! जन्मभर दुसऱ्यांचं छापील तपासणाऱ्या माणसानं? रीतसर अर्ज लिहायला बसलो. अडलं एकाच शब्दाशी. 'हूकअप' मी लिहिणार नाही. आपल्याकडे शब्द असताना उसनवारी कशाला? हूक म्हणजे आकडा. दोन कच्चे खर्डे करून तिसरा पक्का केला :

'विषय : गाडीस आकडा टाकण्याबाबत. महोदय, मी गेली एकोणचाळीस वर्षे आपला नियमित ग्राहक असून, नुकत्याच घरी आलेल्या गाडीस अंगणातून आकडा टाकून वीज घेण्याचे योजिले आहे. काम कोणाच्याही नजरेस खुपणार नाही अशा बेताने करण्यात येईल. शेजारील सद्गृहस्थांनीही या कामी साहाय्य केले आहे. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.'

हिला वाचून दाखवला. ही रस्त्यांचा नकाशा पसरून बसली होती. "'योजिले' आलंय ना, मग छानच असणार," म्हणाली. स्वतः जाऊन देऊन आलो. खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज वाचला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि दोन शिक्के मारले. चांगल्या भाषेचा परिणाम होतोच.

११ तारीख, बुधवार

ही हल्ली रोज सकाळी सहाला चालायला जाते, वायरमनबाईबरोबर. तिचा टेम्पो येतो, त्यात बसून दोघी मोकळ्या मैदानाकडे जातात आणि तिथे चालतात म्हणे. चालायला टेम्पोतून जायचं हे मला काही समजलं नाही. पण तब्येतीसाठी चांगलं. फक्त हिचा डावा पायच दुखतो, उजवा नाही. एका पायावर जास्त भर देतेस, असं मी सांगितलं. ही म्हणाली, "हो, क्लच... कळ येते खरी."

हिच्या नावे सरकारी पाकीट आलं. वाचनालयाचं कार्ड असावं.

१३ तारीख, शुक्रवार

आज घडलं ते तारीखवार लिहिलंच पाहिजे.

अकराच्या सुमारास जीप थांबली. चार माणसं उतरली. एकानं उतरल्या उतरल्या घराचा फोटो काढला, एकानं शिडी लावली, एकानं मीटरला हात लावू नका म्हणून मला बजावलं. चौथे साहेब होते. त्यांच्या हातात माझा अर्ज.

"आकडा कुठाय?"

"अजून टाकलेला नाही," मी म्हणालो. "आपल्या परवानगीची वाट पाहतोय."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "बावीस वर्षं नोकरी झाली माझी. आकडा टाकणारे हजार पाहिले. परवानगी मागणारा पहिलाच."

"नियमानं चालावं माणसानं."

"आणि हे शेजारी कोण, साहाय्य करणारे?"

मी कुंपणाकडे बोट दाखवलं. दोघं तिकडे गेले. सर्वज्ञांच्या घरातून मोठमोठ्यानं आवाज येऊ लागले. इकडे साहेबांना वितळलेलं भेंडोळं सापडलं. मग अर्धवट खड्डा.

"हा कशासाठी?"

"अर्थासाठी."

तेवढ्यात ही आणि वायरमनबाई चालून परत आल्या. वायरमनबाईनं अर्ज वाचला आणि खड्ड्याच्या काठावर मटकन बसली. आधी मला वाटलं तिला घेरी आली. ती हसत होती. हसता हसताच साहेबांना म्हणाली, "अहो, काकांना हूकअप म्हणायचंय. पाहुण्या गाडीचं सॉकेट. खांबावर चढून तारेला आकडा टाकतील, असे दिसतात का ते?"

साहेबांनी मला नीट निरखून पाहिलं आणि कबूल केलं की नाही दिसत.

आता लाज वाटतेय ती या गोष्टीची. आकडा टाकणे म्हणजे वीज चोरणे, हा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. 'आकडे टाकणाऱ्यांवर कारवाई' ही बातमी मी शंभर वेळा तपासली असेल. पण दर वेळी 'कारवाई' हवं की 'कार्यवाही', एवढंच पाहिलं. अक्षर न् अक्षर वाचलं आणि मजकूर वाचलाच नाही.

तरी नियम तो नियम. फाइल उघडली गेली. मीटर तपासून 'आक्षेप नाही' असं पत्र येईपर्यंत नव्या जोडणीच्या वायरीला हात लावायचा नाही. आठवडा तरी लागेल.

ही कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहिली.

१५ तारीख, रविवार

आक्कांचा फोन आला होता. मी शेजारच्या खोलीत होतो.

"नाही गं, मलाच सवड होत नव्हती... हो, हो, येतेच या वेळी... हे? हे तर रोज मागे लागलेत, चल चल म्हणून. मीच आपली..."

हिनं माझी बाजू सांभाळून घेतली, बरं वाटलं. खोटं आहे, पण कुणाचं नुकसान करणारं नाही.

सर्वज्ञांनी कुंपणावर ताडपत्री लावली.

१९ तारीख, गुरुवार

पत्र आलं! दुपारच्या टपालानं. 'आपल्या मीटरच्या तपासणीत काहीही आक्षेपार्ह अढळले नाही.'

अढळले. 'आढळले' नव्हे, 'अढळले'. कार्यालयाच्या शिक्क्यानिशी, साहेबांच्या सहीनिशी. असा कागद घरात ठेवायचा? उद्या कुणी म्हणेल, पत्रच ग्राह्य नाही. मी तांबड्या शाईनं खूण केली, समासात दुरुस्ती लिहिली, 'कृपया सुधारित प्रत पाठवावी' अशी नम्र चिठ्ठी जोडली आणि स्वतः नेऊन दिलं. कारकून म्हणाला, "साहेब रजेवर आहेत. सही आता सोमवारी." घाई नाही म्हणालो.

२० तारीख, शुक्रवार

हिला कळलं. वायरमनबाईनं कार्यालयात चौकशी केली होती.

"पत्र आलं होतं?"

"आलं होतं. पण त्यात 'अढळले' होतं. अढळ म्हणजे न हलणारं. अर्थाचा अनर्थ झाला असता."

"न हलणारं कोण आहे ते कळलंय मला," ही म्हणाली. "तुम्हाला जायचंच नाहीये."

असं कसं, असं कसं, म्हणून मी बरंच बोललो. मोजमाप, स्विच, खड्डा, सुरक्षा. ही शेवटी म्हणाली, "परवा आक्कानं ताटं-वाट्या देऊन टाकल्या. आज पलंग गेले. ती मागे राहिलेल्या खुर्चीवर बसून माझी वाट बघतेय, आणि तुम्ही 'अ'ला काना देताय."

आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. ड्रायव्हरच्या जागेवर. रागावलं की माणूस कुठेही बसतं.

२१ तारीख, शनिवार

आज खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

मला भीती वाटते. कशाची म्हणाल तर नीट सांगता येत नाही. गावाची वेस ओलांडली की वाटतं, आता काही झालं तर आपलं कोण? घरात मला अंधारातही बटण सापडतं. बाहेर मी कोण आहे हे कुणाला ठाऊक नसतं, आणि मग मलाही ते खात्रीनं सांगता येत नाही. हे हिला सांगायचं कसं? छत्तीस वर्षं हिनं मरणाच्या दारातली माणसं पाहिली. तिच्यापुढे 'मला प्रवासाची भीती वाटते' म्हणजे सुई टोचली म्हणून ओरडण्यासारखं.

एकटी जा, असंही काल म्हणून पाहिलं. ही म्हणाली, "आणि किल्ल्या पिठाच्या डब्यामागेच आहेत ना अजून?"

२३ तारीख, सोमवार

सुधारित पत्र. शुद्ध. वायरमनबाई स्वतःच घेऊन आली आणि माझ्या हातात द्यायच्या आधी म्हणाली, "काका, पेन खाली ठेवा."

२५ तारीख, बुधवार

झालं!

दुपारी तीनला वायरमनबाईनं शेवटचा स्क्रू पिळला. भिंतीवर निळं गोल सॉकेट, वर झाकण, आतून सील. जमिनीत अडीच मीटरचा रॉड. तिनं चाचणीचं बटण दाबलं तर स्विच खटकन पडला, म्हणजे बरोबर. मग तिनं गाडीची जाड पिवळी वायर मला दिली. या वेळी मी ती पूर्ण उलगडून ठेवली. पिन घातली, फिरवली, खट्. गाडीत सगळीकडे उजेड. घराला अर्थ आला आणि गाडीला वीज. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी नाकारत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं गाडीत बसून चहा प्यायलो. पडदे ओढलेले, दिवा मंद, फ्रिजची हलकी घरघर, आणि दारातून बाहेर पाहिलं की आपलंच अंगण. इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि मला एकदम ती कल्पना सुचली.

"अगं," मी म्हणालो, "समजा आपण इथेच राहिलो गाडीत. चार दिवस. प्रवासच म्हणायचा. आणि इथून आक्कांना व्हिडिओवर फोन लावायचा. त्यांनी फोन जरा खिडकीकडे धरला की समुद्रसुद्धा दिसेल."

"आणि आक्का?"

"त्याही दिसतील की."

हिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली, दोन्ही कप धुतले, पुसले, कपाटात ठेवले आणि कपाटाला खिटी लावली. टेबलाची घडी घातली. शेगडीचा कॉक बंद केला. पाण्याची टाकी भरून घेतली. कल्पना पसंत पडली असावी. रागावलेली बाई इतकी आवराआवर करत नाही.

२६ तारीख, गुरुवार

अक्षर हलतंय, कारण मी हलतोय.

सकाळी पावणेसातला मी गाडीतल्या संडासाची चाचणी घ्यायला गेलो. बाकी सगळं तपासून झालं होतं, तेवढंच राहिलं होतं. वर्तमानपत्र घेऊन बसलो. यश अगदी टप्प्यात आलं होतं, तेवढ्यात खालून धडधड सुरू झाली. छातीत नव्हे, गाडीत. बाहेरून वायरमनबाईचा आवाज : "वायर काढलीय काकू, झाकण लावलंय! पहिला गिअर. क्लच हळू... हळू... शाब्बास!"

"अगं!" मी आतून ओरडलो. "चोर! गाडीत चोर शिरलेत!"

"चोर नाही, मी आहे," पुढून हिचा आवाज आला. "दाराला नीट धरून बसा, पुढे गतिरोधक आहे."

तो होताच. त्यापुढे आणखी दोन.

मी बाहेर आलो तेव्हा आमची गल्ली, वाण्याचं दुकान, पाण्याची टाकी सगळं मागे गेलं होतं. ही चष्मा लावून, दोन्ही हातांनी चाक धरून, पाठ ताठ. पायात चालायचे बूट. सरकारी पाकीट समोरच खोचलेलं. लायसन्स, नवं करून आलेलं.

मला सगळं एकदम कळलं, आणि कळायला इतका वेळ का लागला तेही.

"मला विचारायचं तरी!"

"रोज विचारत होते. महिनाभर."

"थांबव गाडी."

"थांबवते. पण कशासाठी ते सांगा. मोजायचं राहिलंय, की काही शुद्ध करायचंय?"

पुढचे शब्द माझ्या तोंडून कसे आले कोण जाणे. "मला भीती वाटतेय गं."

गाडीचा वेग थोडा कमी झाला. मला वाटलं, आता ही बाजूला घेईल, पाणी देईल, परत वळवेल. हिनं नजर रस्त्यावरच ठेवली.

"मलाही वाटतेय," ही म्हणाली. "या आरशात मला मागचं अंतर कळत नाही. तो ट्रक किती लांब आहे, सांगा जरा."

मी शेजारच्या जागेवर बसलो आणि पट्टा लावला. आरशात पाहिलं. ट्रक बराच लांब होता. तसं सांगितलं. मग एक बस आली, तीही सांगितली. मग एक मोटरसायकल. अकरा वाजेपर्यंत मी एकही वाहन सोडलं नव्हतं.

२७ तारीख, शुक्रवार

काल एका पेट्रोल पंपाच्या आवारात मुक्काम. झोप लागली. बॅटऱ्या चालता चालता भरतात. वायरमनबाईला तसं कळवलं. तिचं उत्तर : 'सहा तारखेला सांगितलं होतं काका.'

आज ट्रक : दोनशे नव्वद. हिनं चुकीच्या बाजूनं एकही ओलांडला नाही.

२८ तारीख, शनिवार

दुपारी बाराला पोहोचलो. फाटक अरुंद, गाडी आत जाईना. ही रस्त्यातच ठेवून उतरली आणि धावली. बासष्टाव्या वर्षी माणसानं असं धावू नये.

घर पार रिकामं होतं. बोललं की आवाज घुमत होता. आक्का त्या एकुलत्या खुर्चीवरून उठल्या, हिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळ्यांशी नेऊन पाहिला. त्यांना आता जवळचंच दिसतं. व्हिडिओवर फोन लावला असता तर त्यांना मी दिसलोच नसतो, आणि हीसुद्धा नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं?

"म्हातारी झालीस गं," आक्का म्हणाल्या.

"तू काय तरुण राहिलीस?"

आणि दोघी हसायला लागल्या, मग रडायला, मग परत हसायला. मी पिशवी हातात घेऊन दारातच उभा. ती कुठे ठेवावी कळेना, ठेवायला काही नव्हतंच.

मग आक्कांनी विचारलं, "अकरा वर्षं गं. का नाही आलीस?"

"मलाच सवड नव्हती," ही म्हणाली. लगेच, अगदी सफाईनं. पाठ झालेलं वाक्य होतं ते.

मी ते वाक्य ऐकलं. शब्द सगळे बरोबर होते. "नाही आक्का," मी म्हणालो, "ते चूक आहे. हिला सवड होती. मी येऊ दिलं नाही."

घर रिकामं असल्यामुळे ते फार मोठ्यानं ऐकू आलं. ही माझ्याकडे वळली. एकोणचाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही, आणि त्यात राग होता की आणखी काही, हे मी लिहू शकत नाही.

"ते माहीतच आहे मला," आक्का म्हणाल्या. "अकरा वर्षं हिचं खोटं फोनवर ऐकतेय. म्हटलं, बघू तरी तुम्ही कधी बोलताय. आता पिशवी ठेवा खाली, आणि ते माळ्यावरचे खोके उतरवा. माझा हात पोहोचत नाही."

मी चौदा खोके उतरवले. दोघी गाडीत जाऊन बसल्या, दार ओढून घेतलं. तिथून अधूनमधून हसू ऐकू येतं, मध्येच बराच वेळ काही ऐकू येत नाही. मी इथे त्या खुर्चीवर बसून लिहितोय. परत कधी निघायचं, हे मी अजून विचारलेलं नाही.